पापणीवरचं लासं

बेळगावच्या खडेबाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. तीस वर्षं मी लोकांच्या तोंडावरचे डाग काढत आलोय. पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिलीनं काढायचो, आता कम्प्युटरवर काढतो. नवऱ्यामुलीच्या गालावरचे फोड, नवऱ्याच्या भुवईवरचा व्रण, वारलेल्या आजोबांच्या शेवटच्या फोटोतली नाकातली नळी, सगळं मी काढलंय. लोक फोटो बघून 'कसा लख्ख आलाय' म्हणतात आणि मला आतल्या आत हसू येतं, कारण लख्ख माणूस मी अजून एकही बघितलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते माझ्या या कसबानं झालं. दुसऱ्या कुणावर ढकलायचा मोह होतो, पण हे लिहिताना बायको शेजारीच शेंगा सोलत बसली आहे.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, बेळगावजवळच्या आमच्या सांबऱ्याला. तिचं सासर निपाणीजवळचं, शेतकरी घर, तंबाखूची शेती. जावई सैन्यात, वरच्या बाजूला कुठंतरी, जिथं फोन लागला तर लागला. व्हिडिओ कॉल लागलाच तर चित्र इतकं फुटायचं की समोर बाळ आहे की उशी ते कळायचं नाही. व्याही वारलेले, त्यामुळं त्या घरात शब्द चालतो तो विहीणबाईंचा. बाई कष्टाची, बोलायला फटकळ, पण पोटात काही ठेवणारी नाही. त्यांच्या घरची एक पद्धत मला लग्नातच कळली होती. बारशाला सासरच्यांनी यायचं, बाळ बघायचं, आणि मग पाचव्या महिन्यात थेट न्यायलाच यायचं. मधे येऊन बघायचं नाही. आणि बाळानंही पाच महिने नदी ओलांडायची नाही. आम्ही म्हटलं, ठीक आहे, पाच महिने नात आमच्याकडं राहणार असेल तर पद्धत चांगलीच आहे.

नात झाली. चौथ्या दिवशी बायकोनं मला जवळ बोलावून दाखवलं. उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर, नाकाच्या बाजूला, फिकट गुलाबी ठिपका होता.

"डास चावलाय," मी म्हटलं.

"डास चावलेलं दोन दिवसांत जातंय. ह्ये काल होतं त्यापेक्षा आज जास्त दिसालंय."

नर्सला विचारलं. ती म्हणाली, बाळंतपणात दाब पडतो, असतात असे डाग, जातील. आम्ही लगेच विश्वास ठेवला. माणसाला ऐकायचं असतं तेच कुणी सांगितलं की तो जास्त प्रश्न विचारत नाही.

बाराव्या दिवशी बारसं. निपाणीहून दोन गाड्या भरून माणसं आली. विहीणबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं, तिचे कान बघितले, बोटं मोजली, आणि पापणीवर येऊन थांबल्या.

"पाव्हणं, ह्ये लासं कसलं म्हणायचं?"

"जाईल म्हणाल्यात दवाखान्यात," मी म्हटलं.

"गेलं तर बरं. पोरीची जात हाय. तोंडावरच लासं म्हणल्यावर उद्या कोण बगणार?"

माझं डोकंच फिरलं. बारा दिवसांचं पोर, अजून धड डोळे उघडून छत बघत नाही, आणि या बाईंनी तिचं लग्न काढलं. पण विहीणबाईंना उलट बोलायचं नसतं, त्यातून मुलीकडच्यानं तर नसतंच. मी कॅमेरा डोळ्याला लावला. कॅमेऱ्याचं हे एक बरं असतं, त्याच्यामागं तोंड लपवता येतं.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत बारशाचे फोटो घेऊन बसलो. पाळण्यातला फोटो, आत्याच्या मांडीवरचा फोटो, विहीणबाईंच्या मांडीवरचा फोटो. ठिपका प्रत्येकात होता. सवयीनं हात गेला आणि मी तो काढला. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. आणि तसेच सगळे फोटो दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकले. लोकांनी हात जोडले, फुलं पाठवली, 'पोरीची दृष्ट काढा' म्हणाले. संध्याकाळी विहीणबाईंचा आवाजी निरोप आला. "गेलं की वो लासं. म्या म्हटलंच हुतं, जातंय म्हणून."

तिथंच मी सांगायला हवं होतं. एक ओळ लिहायची होती. पण खरं सांगू, मला त्यांचा आवाज ऐकून बरं वाटलं. बोलणाऱ्या बाईचं तोंड बंद झालं, माझ्या पोरीच्या पोरीला नाव ठेवायला जागा उरली नाही, असं वाटलं. मी वर एक हसरा चेहरा टाकला आणि दुकान बंद केलं.

घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "आप्पा, ह्यांना पाठवायचे फोटोबी तसेच करून द्या. तिथं एकटे असतात. उगंच डोक्याला घोर कशाला?"

म्हणून दर रविवारी एक फोटो. मी घरी काढायचा, सोमवारी स्टुडिओत साफ करायचा, आणि जावयाला, विहीणबाईंना पाठवायचा. मुलीनं एकदाच सांगितलं होतं. पुढच्या सगळ्या रविवारी मीच, न सांगता, केलं.

तिसऱ्या आठवड्यात ठिपका वर उठला. त्याआधी तो नुसता रंग होता, आता बोटाला लागायला लागला. महिना भरेपर्यंत डाळिंबाच्या दाण्याएवढा झाला, रंगही तसाच. पोर रडली की तो आणखी गडद व्हायचा आणि फुगायचा. शेजारपाजारच्या बायका येऊन बघून जायच्या आणि प्रत्येकीकडं एक उपाय असायचा. एकीनं सांगितलं, पहाटे उठल्यावर चूळ न भरता शिळी थुंकी लावा. बायकोनं आठवडाभर लावली. एकीनं विचारलं, गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली होती का. मुलगी आठवत बसली आणि रडली. आणखी एक बाई बिब्बा घेऊनच आली, तापलेल्या सुईनं टोचून लावते म्हणाली.

"बिब्ब्यानं हात भाजतोय, आणि तू डोळ्यावर लावतीस व्हय?" असं म्हणून बायकोनं तिला चहा न देता वाटेला लावलं. आमच्या गावात कुणी चहा न पिता परत गेलं तर चार दिवस त्याची चर्चा होते, तशी ती झाली.

माझं सोमवारचं काम मात्र वाढत चाललं होतं. अर्ध्या मिनिटाची पाच मिनिटं झाली, मग दहा. नुसता लाल रंग काढून भागेना. उंचवट्याची सावली काढावी लागायची, पापणीची कड नव्यानं ओढावी लागायची. गाठ किती वाढतेय ते मला घरातल्या सगळ्यांपेक्षा अचूक कळत होतं. कळूनही मी काय केलं, तर ब्रश आणखी बारीक केला.

दीड महिन्याच्या लसीला पोरीला बेळगावातल्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या बाळांच्या डॉक्टरीणबाई कानडी, बायकोशी कानडीत बोलायच्या, माझ्याशी स्वच्छ मराठीत. त्यांनी लस द्यायच्या आधीच पापणीवर बोट ठेवलं.

"हे कधीपासून आहे?"

बायकोनं सगळं सांगितलं. चौथा दिवस, गुलाबी ठिपका, मग असा उठला.

"ही रक्तवाहिन्यांची गाठ आहे," त्या म्हणाल्या. "घाबरू नका, कॅन्सर वगैरे काही नाही. लहान बाळांना होते. हीच पाठीवर असती, मांडीवर असती, तर मीच म्हटलं असतं, हात लावू नका, नुसतं बघत राहा. बरीचशी लासं काही वर्षांत आपोआप जातात. पण पहिले तीन-चार महिने ती भराभर वाढतात. आणि ही डोळ्यावर आहे. बघा, पापणी खाली ओढली गेलीय."

मी बघितलं. मी रोज बघत होतो.

"जाणार असली तर मग थांबलं तर?" मुलीनं विचारलं.

"गाठ जाईल. डोळ्याचं काय? बाळ या महिन्यांत बघायला शिकतं. डोळा झाकलेला राहिला तर मेंदू त्या डोळ्याला विसरून जातो. मग गाठ गेली तरी नजर येत नाही. डोळ्याजवळ, नाकावर, ओठावर असेल, तोंडावर मोठी पसरली असेल, फुटून जखम झाली असेल, किंवा अंगावर बरीच लासं असतील, तर वाट बघायची नसते. या आठवड्यात जा."

त्यांनी मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली. औषध असतं म्हणाल्या, पातळ, तोंडानं द्यायचं. मोठ्या माणसांना हृदयासाठी देतात तेच, पण बाळाच्या वजनाप्रमाणं अगदी थोडं. नाडी, रक्तदाब, साखर बघत सुरू करतात, आणि लवकर सुरू केलं तर गाठ वाढायची थांबते.

'हृदयाचं औषध' एवढंच मुलीनं ऐकलं. रिक्षात बसल्यावर तिनं पोरीला पदराखाली घेतलं ती सांबरा येईपर्यंत बाहेर काढली नाही. घरी येऊन म्हणाली, "त्यांना विचारल्याशिवाय मी हे देणार न्हाय. काय कमीजास्त झालं तर मी काय तोंड दाखवू?"

बायको म्हणाली, "आपण नेऊया. मग सांगूया."

मी म्हटलं, "पोर त्यांची हाय."

आमच्याकडं हे असंच असतं. माहेरच्यांनी बाळंतपण करायचं, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, रात्रीचं जागरण, सगळं करायचं. पण बाळाबद्दल ठरवायचं नाही. पोर रोज माझ्या छातीवर झोपायची, आणि तिला एक चमचा औषध द्यायचं तर मला निपाणीला फोन करावा लागत होता. मी केला.

"कसलं औषध?" विहीणबाई म्हणाल्या. "परवाच्या फोटोत तर डोळा कसा लख्ख हाय. माझ्या फोनातच हाय की फोटो."

फोन माझ्या कानाला होता. बायको समोर उभी होती, हातानं 'सांगा, सांगा' असं करत होती.

"थोडं लाल हाय अजून," मी म्हटलं.

"थोडं लाल हाय तर ऱ्हाऊ दे. आमच्या भावकीत एका पोराच्या पाठीवर हुतं लासं. शाळंला जाईस्तवर गेलं. दवाखानेवाले काय, जाईल त्याला औषध देत्यात. एवढ्या लेकराला हृदयाचं औषध? लेकाला विचारते, पण मला न्हाय पटत."

त्या खोटं बोलत नव्हत्या. ते पोर खरंच बरं झालं होतं. त्यांच्या हातात जो फोटो होता तो बघून कुठल्याही शहाण्या माणसानं हेच म्हटलं असतं. मी फोन ठेवला, आणि बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

जावयाचा फोन चार दिवसांनी लागला. आवाज तुटत होता. "मामा, फोटोत तर काही दिसत नाही. मी सुट्टीला येतो तेव्हा दोघं मिळून दाखवू. तोपर्यंत औषध नको." मी 'बरं' म्हटलं. बरं म्हणायला काय लागतं? आणि 'मी तुम्हाला महिनाभर खोटे फोटो पाठवतोय' असं जावयाला म्हणायला काय लागतं, ते ज्यानं मुलगी दिलीय त्यालाच कळेल. माझ्या मुलीचंही नाव त्यात येणार होतं. सासू म्हणणार होती, बापलेकीनं मिळून फसवलं. मी रोज ठरवायचो, आज सांगतो. सकाळी स्टुडिओ उघडायचो, गिऱ्हाईक यायचं, आणि दिवस जायचा.

पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी विचारली. आम्ही गेलोच नाही म्हटल्यावर त्यांनी बायकोला कानडीत काय सुनावलं ते मला अर्धंच समजलं, तेवढंही पुरेसं होतं. बायकोनं खाली मान घालून ऐकून घेतलं. बोलणी मला बसायला हवी होती.

तीन महिने होऊन गेले. एका सोमवारी मी आदल्या दिवशीचा फोटो उघडला. पोर हसत होती. पहिल्यांदाच एवढं तोंड उघडून, हिरड्या दाखवून हसत होती. मी डाग काढायला ब्रश घेतला आणि मला कळेना कुठून सुरुवात करायची. काढायला डागच राहिला नव्हता. उजवा डोळाच दिसत नव्हता. पापणी पूर्ण खाली आली होती आणि तिच्यावर ती लाल गाठ. डाग पुसून खाली डोळा सापडायला हवा, तर डोळा नव्हता.

मग मी एक केलं. डावा डोळा कापला, उलटा केला, आणि उजव्या जागी नेऊन बसवला. कडा मिळवल्या. बुबुळातली चमक दोन्हीकडं एकाच बाजूला यायला हवी, तीसुद्धा नीट फिरवली. तीस वर्षांच्या अनुभवानं इतकं बेमालूम झालं की माझं मलाच कौतुक वाटलं. दोन सुंदर डोळ्यांची हसरी पोर. पाठवून दिला.

नशिबानं म्हणा की काय, त्या दिवशी जावयाचं नेट चालू होतं. पाच मिनिटांत उत्तर आलं. "मामा, डोळे अगदी माझ्यावर गेलेत ना?"

मी दुकानात एकटाच होतो. बाहेर बाजाराची गर्दी, भांड्यांच्या दुकानातला आवाज, सगळं चालू होतं. एक बाई पासपोर्ट फोटोला आली होती, तिला उद्या या म्हटलं आणि शटर ओढलं.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. डोळा बसवला तेही सांगितलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "फोन इकडं द्या."

तिला फोनवर फोटो पाठवणं धड जमत नाही. तरी तिनं पोरीला खिडकीजवळ उजेडात घेतलं, समोरून काढला, आणि जसाच्या तसा जावयाला आणि विहीणबाईंना पाठवला. खाली काहीच लिहिलं नाही. मग म्हणाली, "आता बोलायचं ते तुम्ही बोला."

जावयाचा फोन आला. मी सगळं सांगितलं.

"आज घेऊन जावा," तो म्हणाला. "मामा, आजच."

बस्स, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या गोळा करून ठेवल्या असत्या.

त्याच संध्याकाळी चिठ्ठीवरच्या मोठ्या दवाखान्यात गेलो, पण डॉक्टर सकाळी भेटतील म्हणाले. विहीणबाई सकाळच्या पहिल्या बसनं निघून थेट दवाखान्यात आल्या. न्यायला यायच्या आधी बाळ बघायचं नाही ही त्यांचीच पद्धत, ती त्यांनीच मोडली. त्यांनी पोरीला घेतलं, पापणीवरून बोट फिरवलं. मी भांडणाची वाट बघत उभा होतो. मनातून ते मला हवंही होतं.

"पाव्हणं," त्या म्हणाल्या, "बारशात म्या बोलले म्हणून पुसलं व्हय तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडं परत बघितलं नाही, पोरीकडंच बघत राहिल्या.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला. कधी किती होतं, किती वेगानं वाढलं? फोटो आहेत का? फोटोग्राफरच्या घरातलं पोर, फोटोंना काय तोटा? मी फोन काढून दिला. ते एकेक पुढं सरकवत गेले. दर आठवड्याचा फोटो, तारीखवार, आणि प्रत्येकात दोन लख्ख डोळे.

"हे नंतर साफ केलेले आहेत का?"

"व्हय."

"मूळ फोटो?"

मूळ नव्हते. काम झालं की त्याच फाइलवर सेव्ह करायची माझी घाईची सवय. डॉक्टरांनी फोन परत दिला. ते रागावले नाहीत, त्यांच्याकडं तेवढा वेळ नव्हता. बाहेर ओळ लागली होती.

दोन दिवस ठेवून घेतलं. हृदयाची तपासणी झाली, मग औषध सुरू झालं. दर थोड्या वेळानं नाडी बघायचे, टाचेतून थेंब काढून साखर बघायचे. मुलीला बजावून सांगितलं होतं, पोटात दूध गेल्यावरच औषध द्यायचं, उलटी होत असेल, दूध घेत नसेल, छातीत घरघर असेल तर द्यायचं नाही आणि लगेच यायचं. ज्या औषधाला आम्ही दोन महिने घाबरलो, ते पोरीनं जिभेनं चाटून घेतलं आणि झोपली.

आठवडाभरात गाठ मऊ पडली. रंग आधी गडद झाला, मग मधून राखाडी दिसायला लागला. महिन्या-दीड महिन्यात पापणी वर उचलली आणि तो डोळा आम्हाला परत दिसला. बायकोनं गावभर पेढे वाटले, त्या बिब्बावाल्या बाईलासुद्धा दिले. मी लहान पोरासारखा रडलो. मला वाटलं, सुटलो.

सुटलो नव्हतो. डोळा उघडा होता, पण तो बघत नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी समजावलं, गाठीच्या दाबानं बुबुळाचा आकार थोडा बदललाय, त्याला चष्मा लागेल. आणि इतके दिवस झाकलेला राहिल्यानं मेंदूनं सगळं काम डाव्या डोळ्यावर टाकलंय. आता चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची, रोज काही तास, म्हणजे दुसऱ्याला कष्ट करावे लागतील. "आधी आलो असतो तर?" हे मी विचारलं नाही. त्यांनीही आपणहून सांगितलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं.

ठरल्याप्रमाणं पाचव्या महिन्यात नात निपाणीला गेली. मी दर रविवारी दुकान बंद ठेवून जातो. तिची पट्टीची वेळ मी असताना यावी असं विहीणबाई बघतात, की ती आपसूकच तशी येते, मला कळत नाही. पट्टी लावली की पोर किंचाळते. दोन्ही हातांनी ओढते. हात धरून ठेवावे लागतात, आणि विहीणबाई म्हणतात, "धरा पाव्हणं, घट्ट धरा." मी धरतो. चालायला लागल्यापासून पट्टी असताना ती उंबऱ्याला अडखळते, खांबाला धडकते. आवाज आला की वळते. मी सारखा बोलत राहतो. हिकडं ये, बाळा, हिकडं, आजोबा हिकडं हायत. ती आवाजावर चालत येते, माझ्या गुडघ्याला धरते, आणि मला वाटतं, आली की, दिसतंय की तिला.

परवा तपासणीला घेऊन गेलो होतो. मुलगी, विहीणबाई आणि मी. आत आणखी एक कुटुंब होतं, त्यांचं बाळ डोळ्यात थेंब घालून बसलं होतं. त्याचे आजोबा भिंतीजवळ उभे होते. माझ्याच वयाचे, पांढरा शर्ट, तेवढीच उंची.

डॉक्टरांनी पोरीच्या डाव्या डोळ्यावर पट्टी लावली, उजव्यावर चष्मा चढवला आणि तिला खोलीच्या मध्ये उभं केलं.

"आजोबा, तुम्ही तिकडं जाऊन उभे राहा. हात पुढं करा. फक्त बोलू नका."

मी तिच्यापासून सात-आठ पावलांवर उभा राहिलो. हात पुढं केले. हसलो. ती रडली नाही. मान वाकडी करून तिनं माझ्याकडं बघितलं, अगदी माझ्याकडं, आणि तिची नजर माझ्यावरून पुढं गेली, भिंतीवरून फिरली, परत आली, परत गेली. मग ती चालायला लागली. तुरुतुरु चालत ती त्या दुसऱ्या आजोबांकडं गेली, त्यांच्या पायाशी थांबली आणि तिनं दोन्ही हात वर केले.

त्या गृहस्थांना काय करावं कळेना. ते अवघडून हसले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "अहो, हाक मारा की तिला."

डॉक्टरांनी ओठांवर बोट ठेवलं होतं. पोर हात वर करून उभी होती, आणि मी तसाच गप्प राहिलो.